रेझ्युमेत आधी काम, मग पदवी: तालुक्याच्या गावातून शहरात नोकरी शोधणाऱ्यांसाठी

अकाउंट्सच्या एखाद्या जागेसाठी आलेले रेझ्युमे ओळीने उघडून बघा. बहुतेक एकाच साच्यातले निघतात. सुरुवातीला 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत हातभार लावण्याची इच्छा', मग दहावीपासूनच्या टक्क्यांचा तक्ता, एमएस-सीआयटी, टॅली. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट. शेवटी 'वरील माहिती खरी आहे', ठिकाण, दिनांक, सही. आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी एक ओळ: 'दोन वर्षांचा अनुभव'. ज्या गोष्टीसाठी समोरचा पगार देणार आहे, तिला सगळ्यात कमी जागा.

हा साचा एका सायबर कॅफेतून दुसऱ्यात पेन ड्राइव्हवर फिरत आलाय आणि त्यात लग्नाच्या बायोडाट्याचं रक्त आहे. त्यामुळे आपण शिक्षण मिरवतो आणि काम लपवतो. गावातल्या सीएंकडे केलेलं काम, मामाच्या दुकानाचा सांभाळलेला हिशेब, वर्कशॉपमधल्या रात्रपाळ्या हे सगळं 'ते काय, तसंच करत होतो' म्हणून सोडून दिलं जातं. रेझ्युमे सुधारायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण धरू. समजा, सांगली जिल्ह्यातल्या विट्याची एक मुलगी. बी.कॉम., ५८ टक्के. गावातल्या एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काम केलंय आणि आता पुण्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा बघतेय. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर काम बदलेल, रीत तीच राहील.

पायरी १: कॉम्प्युटर बंद ठेवा, वही घ्या

पहिला मसुदा वहीत आणि मराठीत करा. इंग्रजीत सुरुवात केली की हात आपोआप तयार वाक्यांकडे जातो आणि तुमचं काम बाजूला राहतं. स्वतःला साधे प्रश्न विचारा. सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काय हातात घ्यायचात? महिन्याच्या कुठल्या तारखांना उशीर व्हायचा, आणि कशामुळे? तुम्ही रजेवर असलात की कुठलं काम अडायचं? नवीन आलेल्या मुलाला काय शिकवलंत?

विट्याच्या मुलीची वही अशी दिसेल: यंत्रमाग, पोल्ट्री, किराणा होलसेल अशा बारा-पंधरा ग्राहकांची खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत घेणं. बँक स्टेटमेंटशी ताळा घालणं. दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, माहिती तयार करणं. १४ तारखेला टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी) आलं की खरेदीच्या नोंदी त्याच्याशी जुळवणं, ज्या पुरवठादाराचं बिल दिसत नाही त्याला फोन करणं, मग २० तारखेच्या आत थ्री-बीचे, म्हणजे कर भरायच्या महिन्याच्या विवरणपत्राचे, आकडे सीएंसमोर ठेवणं. ७ तारखेपूर्वी टीडीएसची (पैसे देतानाच कापलेल्या कराची) चलनं. मालवाहतुकीची ई-वे बिलं. ऑडिटच्या दिवसांत फायली लावणं.

'दोन वर्षांचा अनुभव' या एका ओळीत हे सगळं दडलेलं होतं.

प्रत्येक कामापुढे आकडा लिहायचा प्रयत्न करा: किती ग्राहक, महिन्याला साधारण किती बिलं, किती बँक खाती. बरोबर आठवत नसेल तर 'साधारण' लिहा, पण मुलाखतीत 'कसं मोजलंत?' विचारल्यावर सांगता येईल असाच आकडा लिहा. पुस्तकी सल्ला असा असतो की प्रत्येक ओळीत 'खर्च ३० टक्क्यांनी कमी केला' अशी कामगिरी हवी. अकाउंट्स असिस्टंटने कुठला खर्च कमी केला असणार? जो आकडा तुमच्या हातात नव्हता तो लिहू नका. 'वेळेत' हा शब्द या कामात टक्क्यांपेक्षा जड आहे, कारण रिटर्न उशिरा गेलं की विलंब शुल्क लागतं आणि ते ग्राहकाच्या खिशातून जातं.

दोन गोष्टी सांभाळा. सीएंच्या ग्राहकांची नावं लिहू नका. 'एक यंत्रमाग कारखाना' एवढं पुरे. नावं लिहिलीत तर वाचणाऱ्याच्या मनात येतं, उद्या ही आमचंही बाहेर सांगेल. आणि सीए इन्स्टिट्यूटकडे आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठीच्या प्रशिक्षणाची, नोंदणी नसेल तर स्वतःला 'आर्टिकल असिस्टंट' म्हणू नका. बोलताना गावात सगळेच 'आर्टिकलशिप करतोय' म्हणतात, पण कागदावर तो दावा खोटा ठरतो. 'अकाउंट्स असिस्टंट, सीए कार्यालय' हे सरळ आणि पुरेसं आहे.

पायरी २: जाहिरात पेन्सिल घेऊन वाचा

एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यापेक्षा दहा जाहिराती समोर घ्या आणि सगळ्यांत पुन्हापुन्हा येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. पुण्यातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांच्या अकाउंट्सच्या जाहिरातींत तेच ते दिसेल: टॅली प्राइम, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, एक्सेल, येणी-देणी. आता वही आणि जाहिरात शेजारी ठेवा. जे दोन्हीकडे आहे ते रेझ्युमेत वर जाईल. जे फक्त वहीत आहे ते खाली जाईल किंवा गळेल. जे फक्त जाहिरातीत आहे ते महिनाभरात शिकता येण्यासारखं असेल तर शिकायला घ्या. एक्सेलमधलं व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल आठवडाभराच्या सरावाचं काम आहे.

जाहिरातीत शब्द जसा असेल तसाच वापरा. मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या वेबसाइट रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरने चाळतात, आणि लहान कंपनीत तेच काम एचआरची व्यक्ती डोळ्यांनी करते. तिला अकाउंट्स येत असेलच असं नाही. तिच्याकडे साहेबांनी दिलेली शब्दांची यादी असते. तुम्ही 'बँकेचे हिशेब जुळवणे' असं काही लिहिलंत आणि यादीत 'बँक रिकन्सिलिएशन' असेल, तर तुमचं काम तिला दिसतच नाही.

'किमान तीन वर्षं अनुभव' असेल आणि तुमच्याकडे दोन असतील तरी पाठवा. 'सीए इंटर आवश्यक' असेल आणि तुम्ही सीएची ती मधली परीक्षा पास नसाल तर पाठवू नका. वर्षांत तडजोड होते, पात्रतेत सहसा होत नाही.

पायरी ३: वरचा तळहाताएवढा भाग

पान उघडल्यावर स्क्रोल न करता जेवढं दिसतं तिथेच पुढे वाचायचं की नाही हे ठरतं. तिथे नाव, मोबाइल, ईमेल, सध्याचं गाव आणि 'पुण्यात तत्काळ रुजू होऊ शकते' एवढं हवं. ही शेवटची ओळ बाहेरगावच्या उमेदवाराने लिहायलाच हवी, कारण विट्याचा पत्ता दिसला की 'येणार का, राहणार कुठे' ही शंका पहिली येते. पुण्यात राहायची सोय असेल तर भागाचं नावही लिहा.

त्याखाली उद्दिष्टाऐवजी तीन ओळी, तुम्ही काय करता याच्या. मजकूर मराठीत देतोय, रेझ्युमेत तो साध्या इंग्रजीत जाईल:

'सीए कार्यालयात दोन वर्षांचा अनुभव. साधारण १४ ग्राहकांच्या टॅली प्राइममधील नोंदी, जीएसटीआर-१ व थ्री-बीची तयारी, टू-बीशी जुळवणी आणि बँक रिकन्सिलिएशन स्वतंत्रपणे करते. उत्पादन आणि व्यापार अशा दोन्ही प्रकारच्या हिशेबांची ओळख.'

'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीममध्ये मिसळून काम करणारी' हे शब्द इथे नकोत. ते कुणीही लिहू शकतं, म्हणून कुणी वाचत नाही.

आधार क्रमांक, पॅन क्रमांक, पूर्ण घरपत्ता, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांतलं काहीही नको. हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. रेझ्युमे कुणाच्या हातात जाईल यावर तुमचा ताबा नसतो आणि नोकरीच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्यांना हीच माहिती हवी असते. कागदपत्रं मागायची वेळ निवड झाल्यावरची. आणि मुलाखतीसाठी, रजिस्ट्रेशनसाठी किंवा 'लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी' पैसे मागणारा फोन आला तर तो तिथेच ठेवून द्यावा. फोटो मागितला असेल तरच लावा.

पायरी ४: कामाच्या ओळी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: काय केलं, कशावर किंवा किती, आणि कुठपर्यंत स्वतः केलं. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि मुलाखतीत प्रश्न नेमका तिच्यावरच येतो.

आधी असं असतं: 'जीएसटीचं काम पाहिले.'

असं करा: '१४ ग्राहकांच्या खरेदीच्या नोंदी दरमहा टू-बीशी जुळवल्या; न दिसणाऱ्या बिलांची यादी करून पुरवठादारांकडे पाठपुरावा केला; थ्री-बीचा मसुदा तयार करून तपासणीसाठी सीएंना दिला.'

'तपासणीसाठी सीएंना दिला' हे लिहिल्याने तुम्ही लहान होत नाही. उलट वाचणाऱ्याला कळतं की या मुलीला आपल्या कामाची हद्द माहीत आहे. 'रिटर्न फाइल केले' असं मोघम लिहिलं की मुलाखतीत 'रिव्हर्स चार्ज (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने भरायचा जीएसटी) कुठे दाखवलात?' असा प्रश्न येतो आणि पंचाईत होते.

आधी: 'टॅलीचे ज्ञान.' नंतर: 'टॅली प्राइममध्ये महिन्याला साधारण ६०० खरेदी-विक्री व्हाउचर; ४ ग्राहकांचा साठ्याचा हिशेबही ठेवला.'

हाच नियम कारखान्याच्या कामाला लावून बघा. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनसाठी 'सीएनसी ऑपरेटर', 'ऑपरेटर कम सेटर' आणि 'प्रोग्रामर' या तीन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांचे पगारही वेगळे. आयटीआय केलेला मुलगा 'सीएनसी मशीनवर काम केले' लिहून मोकळा होतो, मग वाचणाऱ्याने त्याला कुठल्या रांगेत उभं करायचं? मशीन टर्निंगचं की व्हीएमसी (मिलिंगचं), कंट्रोलर फॅनुकचा की सीमेन्सचा, कुठलं मटेरियल, टॉलरन्स किती मायक्रॉन, ऑफसेट स्वतः देतो का, इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस स्वतः तपासतो का, सेटिंग स्वतः करतो की सेटर करून देतो. मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज यांतलं काय रोज हातात असतं. यांतली पाच उत्तरं लिहिली की चार वर्षांचा अनुभव खरा की नुसतं बटण दाबलं, हे शॉप फ्लोअरच्या माणसाला वाचताक्षणी कळतं. अप्रेंटिसशिप केली असेल तर तिला शिक्षणाखाली दडपू नका. ते मशीनवर घालवलेलं वर्ष आहे, त्यामुळे तिची जागा अनुभवात.

फ्रेशर असाल तर कामाच्या जागी प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि घरचा व्यवसाय येतो. हो, घरचा व्यवसायसुद्धा. वडिलांच्या खतांच्या दुकानाचं बिलिंग आणि उधारीची वसुली दोन वर्षं सांभाळली असेल तर ते येणी-देणीचंच काम आहे. संबंध लपवू नका, 'कौटुंबिक व्यवसाय' असं स्पष्ट लिहा आणि कामाच्या ओळी इतरांसारख्याच द्या. कॉलेजच्या गणेशोत्सवात खजिनदार होतात आणि शेवटी हिशेब फलकावर लावलात, तर तेही अकाउंट्सच्या जागेसाठी लिहिण्यासारखं आहे. 'मंडळाचा सक्रिय सदस्य' हे मात्र नाही.

शिक्षण लवकर आटपा. पदवी, विद्यापीठ, वर्ष, टक्के किंवा सीजीपीए गुणपत्रिकेवर आहे तसा. टक्के कमी असतील आणि जाहिरातीत मागितले नसतील तर न लिहिलेले चालतात, पण वाढवून लिहिलेले मूळ कागद मागताच उघडे पडतात. पदवी झाल्यावर दहावी-बारावी एका ओळीत बसवा. एमएस-सीआयटी आणि सरकारी टायपिंगचं प्रमाणपत्र सरकारी भरतीच्या अर्जात उपयोगी पडतं. खासगी अकाउंट्समध्ये त्यांना अर्धी ओळ पुरे.

पायरी ५: मधली रिकामी वर्षं

महाराष्ट्रात हा प्रश्न बहुतेकदा एका ठरावीक रूपात येतो: पदवीनंतर पुण्यात खोली करून, अभ्यासिका लावून एमपीएससीची तीन-चार वर्षं. मुलं ती लपवायला बघतात. कुणी खोटी नोकरी लिहितं, कुणी पदवीचं वर्षच पुढे ढकलतं. दोन्ही सापडतं. सरळ लिहा: '२०२१ ते २०२४: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' पूर्वपरीक्षा पास झाला असाल तर तेही लिहा. त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, अभ्यासिकेचं व्यवस्थापन सांभाळलं असेल, तर ते कामाच्या ओळींत येईल. मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'पुन्हा जाहिरात आली तर सोडून जाणार का?' त्याचं उत्तर आधी स्वतःशी पक्कं करा, मगच अर्ज पाठवा.

बाळंतपण, घरातलं आजारपण, शेतीची जबाबदारी यांसाठीही एकच ओळ, कारण आणि काळ. क्षमा मागायची नाही, कहाणी सांगायची नाही.

तारखांबाबत एक इशारा. आधीच्या नोकरीत पीएफ कापला जात असेल तर तुमच्या बारा आकडी यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा नोंदलेल्या असतात, आणि अनेक कंपन्या रुजू करून घेण्यापूर्वी तो सेवा-इतिहास मागतात. रेझ्युमे लिहिण्याआधी पीएफच्या पोर्टलवर जाऊन त्या तारखा बघा. महिना-दोन महिने इकडेतिकडे करून रिकामी जागा बुजवायची युक्ती तिथेच फसते. पीएफ नव्हता आणि पगार रोख मिळायचा, अशी स्थिती छोट्या ऑफिसात सर्रास असते. मग सीएंच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घ्या, आणि नोकरी सोडण्याआधी घ्या. सोडल्यानंतर वर्षाने मागायला गेलं की चपला झिजतात.

पायरी ६: भाषा आणि फाइल

खासगी कंपनीसाठी रेझ्युमे इंग्रजीत लागतो. इंग्रजी कच्ची असेल तर वाक्यं लहान ठेवा आणि क्रियापदाने सुरू करा. भारी शब्द काढून टाका. एआयकडून भाषा दुरुस्त करून घ्यायला हरकत नाही, पण त्याला तुमची वही द्या, नुसतं 'अकाउंटंटचा रेझ्युमे लिही' सांगू नका. नाहीतर तो तुम्ही कधी न केलेली कामं छान इंग्रजीत लिहून देईल. दुरुस्त झालेली प्रत मोठ्याने वाचा. जो शब्द तुम्हाला उच्चारता येत नाही किंवा ज्याचा अर्थ सांगता येत नाही, तो काढा.

पतसंस्था, शिक्षणसंस्था, वृत्तपत्रं, सामाजिक संस्था इथे मराठी रेझ्युमे चालतो, कधीकधी तोच मागतात. तो युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलेली वर्ड फाइल समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

एक पान, अनुभव बराच असेल तर दोन. मांडणी एका स्तंभात. दोन स्तंभांचे रंगीत साचे, कौशल्यांपुढे चांदण्या आणि पट्ट्या हे सगळं टाळा. चाळणीच्या सॉफ्टवेअरला तक्ते आणि चौकटी वाचताना अडचण येते आणि मजकूर पुढेमागे होतो. शिवाय 'एक्सेल: चार चांदण्या' म्हणजे नेमकं काय? त्याऐवजी 'एक्सेल: व्हीलुकअप, पिव्हट टेबल, सम-इफ' लिहा.

जाहिरातीत वर्ड फाइल मागितली नसेल तर पीडीएफ पाठवा. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद हवं. 'न्यू रेझ्युमे फायनल टू' या नावाच्या फायली एचआरच्या फोल्डरमध्ये ढिगाने पडलेल्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला तरी पीडीएफच पाठवा, प्रिंटचा मोबाइलने काढलेला फोटो नको. ईमेलच्या विषयात पद, अनुभवाची वर्षं आणि गाव लिहा. मजकुरात चार ओळी: कुठली जागा, तुमचं कुठलं काम त्याला जुळतं, कधी रुजू होऊ शकता, फोन कधी लागेल. नुसती फाइल जोडून रिकामा मेल पाठवणं म्हणजे दारातून पाकीट आत फेकून निघून जाणं.

नोकरी डॉट कॉमसारख्या वेबसाइटवर प्रोफाइल असेल तर त्यातला मजकूर आणि रेझ्युमे एकमेकांशी जुळतात का बघा आणि अधूनमधून अद्ययावत करत राहा, कारण शोधताना अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार निवडायची सोय कंपन्यांना असते. ओळखीतून पाठवत असाल तर ओळखीच्या माणसालाही दोन ओळी लिहून द्या, म्हणजे तो साहेबांना 'आमच्या गावची आहे, बघा जरा' याऐवजी 'जीएसटीचं काम दोन वर्षं केलंय' असं सांगेल.

पाठवण्याआधी

मोबाइल नंबर आकडा-आकडा वाचून तपासा. आश्चर्य वाटेल, पण इथे चूक असणारे रेझ्युमे येतात आणि त्यांना फोन करताच येत नाही. ईमेल पत्ता कॉलेजच्या दिवसांतला गमतीशीर असेल तर नावाचा साधा नवीन काढा. मग छापील प्रत त्याच क्षेत्रातल्या एखाद्या माणसाला द्या आणि त्याला एकच काम सांगा: प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचार. ज्या ओळीवर तुम्ही दोन मिनिटं बोलू शकलात ती ठेवा. जिथे अडखळलात ती दुरुस्त करा किंवा काढा.

शेवटी एक्सेलची एक छोटी शीट करा: तारीख, कंपनी, पद, कुठली प्रत पाठवली, कुणाशी बोलणं झालं, किती पगार सांगितला. दोन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो, 'तुम्ही आमच्याकडे अप्लाय केलं होतं', आणि त्या वेळी तुम्ही एसटीत असता. शीट मोबाइलवर उघडेल अशी ठेवा. ऐकू येत नसेल तर सरळ सांगा, 'प्रवासात आहे, सहा वाजता फोन केला तर चालेल का?', आणि सहा वाजता शीट उघडून, पाठवलेली प्रत समोर घेऊन फोन करा.